आरमध्ये अट घालून किमती निवडणे: आधी चाळणी बघा, मग चाळा

आर या सांख्यिकीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत मी केलेल्या पहिल्या विश्लेषणात माणसांचं सरासरी वय १८० च्या पुढे गेलं होतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही, शेजारी बसलेल्या माणसाने दाखवून दिलं. कारण अगदी साधं होतं. ज्यांचं वय कळलं नव्हतं त्यांच्यापुढे कुणीतरी ९९९ भरून ठेवलं होतं, आणि ते वगळायला मी जी अट लिहिली होती ती काहीच वगळत नव्हती. चूक दाखवणारा लाल संदेश नाही, साधा इशाराही नाही. आरमधली अटीनुसार निवड अशीच फसवते: चुकीचं लिहिलं तरी बहुतेक वेळा काहीतरी उत्तर येतंच.

नंतर तेच काम रोज करत गेलो तेव्हा कळलं की अडचण खुणा पाठ करण्यात नव्हती. अट लिहिल्यावर आर मधल्या मधे एक यादी बनवतं आणि ती आपण कधी उघडून बघतच नाही, ही खरी अडचण होती. या लेखात त्या यादीला मी चाळणी म्हणतो.

एक सूचना आधीच देतो. लेखातला कोडही देवनागरीत लिहिला आहे, म्हणजे सलग वाचता येईल. संगणकावर मात्र फंक्शनची नावं रोमन लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी पद्धतीनेच टाइप करायचे. ट्रू (खरं), फॉल्स (खोटं) आणि एनए हे तीन शब्द तेवढे मोठ्या अक्षरांत (इज.एनए आणि एनए.आरएम मधला एनए मात्र लहान अक्षरांत, यूज.एनए मधला मोठ्या), कारण आर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतं.

काय काय लागेल

आर मोफत मिळतं. क्रॅन नावाच्या अधिकृत साठ्यावरून उतरवून घ्या. आरस्टुडिओ हे आरचा कोड लिहायचं ॲप असेल तर काम सोपं होतं, पण त्याशिवायही चालतं. आवृत्ती ४.२.० किंवा त्यानंतरची घ्या. ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि आपल्याला ती दोन कारणांनी हवी. पहिलं कारण म्हणजे तेव्हापासून नव्या विंडोजवर आर मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) म्हणून यूटीएफ-८ वापरतं, त्यामुळे देवनागरी मजकुराच्या जागी कंसातले विचित्र सांकेतिक आकडे दिसत नाहीत. दुसरं कारण पायरी ६ मध्ये येईल.

याशिवाय डेटासोबत आलेला माहितीचा कागद हाताशी हवा, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आहे आणि न मिळालेली माहिती कशी नोंदवली आहे ते सांगणारा. तो नसेल तर डेटा भरणाऱ्याला विचारा. ९९९ चा अर्थ आर तुम्हाला सांगणार नाही.

पायरी १: छोटा नमुना हाताने बनवा

हजारो ओळींच्या फाइलवर शिकायला जाऊ नका. आठ माणसं पुरेत, कारण आठांचं उत्तर डोळ्यांनी तपासता येतं.

वय <- सी(३४, ६१, एनए, ४५, ७२, ९९९, ६०, २८)
गट <- सी("अ", "ब", "अ", "क", "ब", "अ", "क", "ब")
वजन <- सी(५८, ६४, ७१, एनए, ५५, ८०, ६२, ४९)
पट <- डेटा.फ्रेम(वय, गट, वजन)

"सी" म्हणजे रोमन सी हे एकच अक्षर, किमती एकत्र बांधणारं फंक्शन. बाणाची खूण म्हणजे "उजवीकडचं डावीकडच्या नावात ठेव". डेटा.फ्रेम या याद्यांचा एक तक्ता बनवतं, प्रत्येक यादी एक रकाना. एनए म्हणजे किंमत माहीत नाही. तिसऱ्या माणसाचं वय आणि चौथ्याचं वजन आपल्याला ठाऊक नाही. सहाव्याचं वयही ठाऊक नाही, पण तिथे कुणीतरी ९९९ लिहून ठेवलंय. हा लेख वाचताना एक खिडकी उघडी ठेवा आणि प्रत्येक ओळ चालवून बघा.

पायरी २: चाळणी बनवा आणि ती छापून बघा

साठच्या वरचे कोण? कन्सोलवर, म्हणजे आरच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, एवढंच लिहा:

वय > ६०

उत्तर येतं: फॉल्स, ट्रू, एनए, फॉल्स, ट्रू, ट्रू, फॉल्स, फॉल्स. आठ माणसं, आठ उत्तरं. आरने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला आणि हो, नाही किंवा माहीत नाही असं उत्तर नोंदवलं. हीच ती चाळणी.

आता ती चौकोनी कंसात घाला:

वय[वय > ६०]

कंसाबाहेरचं वय म्हणजे ज्यातून निवडायचं ते, कंसातलं म्हणजे चाळणी. आर दोन्ही शेजारी शेजारी ठेवतं आणि जिथे ट्रू आहे तेवढं उचलतं. उत्तर: ६१, एनए, ७२, ९९९.

यात दोन गोष्टी खटकायला हव्यात. ९९९ आलं, ते आपल्या डेटाचं पाप. आणि मधेच एनए आलं, ती आरची रीत. तिसऱ्या माणसाचं वय माहीत नाही, मग तो साठच्या वर आहे का हेही माहीत नाही. आर त्याला टाकूनही देत नाही आणि नीट घेतही नाही, त्याच्या जागी एनए ठेवतं. प्रामाणिक आहे, पण नवख्याला गोंधळात टाकणारं.

कंसाबाहेर आणि कंसात एकच नाव असायला हवं असं नाही. साठच्या वरच्या माणसांचे गट हवे असतील तर:

गट[वय > ६०]

हे समजलं की बाकीचं सोपं जातं. चाळणी एका यादीवरून बनवायची आणि चालवायची दुसरीवर. दोन्हींची लांबी तेवढी सारखी हवी.

तुलनेच्या खुणा सहा: मोठं, लहान, मोठं किंवा समान (>=), लहान किंवा समान (<=), समान (==), असमान (!=). समानतेसाठी बरोबरची खूण दोनदा. एकदाच दिली तर ती तुलना राहत नाही.

इथे एक सापळा असा आहे की मी त्यात दोनदा पडलो. वजनातला फरक नोंदवलेला आहे आणि पाचपेक्षा जास्त घट झालेले लोक हवेत. तुम्ही घाईत मोकळी जागा न सोडता लिहिता:

फरक[फरक<-५]

आर हे "फरक उणे पाचपेक्षा लहान" असं वाचत नाही. त्याला मधे बाण दिसतो. ते "फरक" मध्ये ५ ठेवतं, आणि तुमचा अख्खा रकाना जाऊन तिथे एकटा ५ उरतो. तक्रार शून्य. म्हणून तुलनेच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची सवय लावा: फरक < -५. ही सवय दिसायला सौंदर्याची वाटते, पण तिने माझी एक संध्याकाळ नक्की वाचली असती.

पायरी ३: एनएचा बंदोबस्त सगळ्यात आधी

आधी ९९९ काढून टाकू:

वय[वय == ९९९] <- एनए

चाळणी बाणाच्या डावीकडे आली की निवडलेल्या किमती बदलल्या जातात. आता सरासरी घ्या. मीन(वय) नुसतं लिहिलं तर उत्तर एनए येईल, कारण एका जरी माणसाचं वय माहीत नसेल तर सगळ्यांची सरासरीही माहीत नाही, असा आरचा हिशोब. मीन(वय, एनए.आरएम = ट्रू) लिहिलं की माहीत असलेल्या सहा जणांची सरासरी येते: बरोबर ५०. ९९९ काढायच्या आधी हीच ओळ १८५.५७ देत होती.

लक्षात घ्या, वर आपण "वय" बदललं, "पट" मधलं वय अजून जुनंच आहे. डेटा फ्रेम बनवली त्या क्षणी आरने प्रत घेतली. तिथेही बदला:

पट$वय[पट$वय == ९९९] <- एनए

डॉलरची खूण म्हणजे "या तक्त्यातला हा रकाना". ही ओळ याच रूपात लिहा. पट[पट$वय == ९९९, "वय"] <- एनए असं लिहिलं तर आर चूक दाखवून थांबेल, कारण चाळणीत आधीपासून एक एनए आहे आणि डेटा फ्रेममध्ये अशा चाळणीने किमती बदलायला आर परवानगी देत नाही.

एनए शोधायला मात्र समानतेची खूण चालत नाही. वय == एनए लिहिलंत तर आठही उत्तरं एनए येतील. दोन माणसांची वयं माहीत नसतील तर ती सारखी आहेत का, हे कसं सांगणार? त्यासाठी वेगळं फंक्शन आहे:

इज.एनए(वय)

मधलं टिंब विसरू नका. उलटं हवं असेल तर पुढे उद्गारचिन्ह: वय[!इज.एनए(वय)].

निवडताना एनए गळून जावेत असं वाटत असेल तर दोन वाटा आहेत:

वय[!इज.एनए(वय) & वय > ६०]
वय[व्हिच(वय > ६०)]

दोन्हींचं उत्तर ६१ आणि ७२. व्हिच हे फंक्शन चाळणीतल्या ट्रूंचे क्रमांक देतं, इथे २ आणि ५, आणि एनए सोडून देतं. आरमध्ये मोजणी १ पासून सुरू होते. दुसऱ्या भाषेतून आलेल्यांना शून्याची सवय असते, त्यांनी जपून.

व्हिच सोयीचं आहे, पण त्याच्यापुढे उणे लावू नका. शंभराच्या वरची खोटी वयं वगळायची म्हणून लोक असं लिहितात:

वय[-व्हिच(वय > १००)]

शंभराच्या वरचा कुणी असेल तोवर हे नीट चालतं. आपण ९९९ काढून टाकलं आहे, तेव्हा आता तसा कुणीच नाही. व्हिच रिकामी यादी देतं, रिकाम्या यादीचं उणे म्हणजेही रिकामी यादी, आणि रिकाम्या यादीने निवडलं की काहीच निवडलं जात नाही. एकही माणूस वगळायचा नव्हता, आणि आठही गेले! डेटा जितका स्वच्छ तितका हा कोड घातक. वगळायचं असेल तर अटच उलटी लिहा.

पायरी ४: दोन अटी जोडताना

"आणि" साठी & ही खूण, "किंवा" साठी | ही उभी रेघ.

वय >= ४० & गट == "ब"

चाळणी बघा: फॉल्स, ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू, फॉल्स, फॉल्स, फॉल्स. तिसऱ्या माणसाचं वय माहीत नाही, तरी उत्तर एनए नसून सरळ फॉल्स आहे. का? तो "अ" गटात आहे. वय काहीही असो, दोन्ही अटी तो पूर्ण करूच शकत नाही. गट "अ" ठेवून तीच ओळ चालवा, मग तिसऱ्या आणि सहाव्या जागी एनए येईल, कारण आता सगळं वयावर अवलंबून आहे.

"किंवा" चं याच्या उलट. वय > ६० | वजन > ७० यात तिसरा माणूस ट्रू ठरतो: वय माहीत नाही, पण वजन ७१ आहे, एवढं पुरे. चौथा एनए राहतो, कारण तो ४५ वर्षांचा आहे आणि वजन माहीत नाही. आरचं हे तर्कशास्त्र मला मनापासून आवडतं. वकिलासारखं काटेकोर आहे, फक्त ते गृहीत धरून कोड लिहावा लागतो.

आता बोलण्यासारखं लिहिण्याचा सापळा. "वय ३४ किंवा ४५" असं आपण बोलतो, म्हणून हात असा चालतो:

वय == ३४ | ४५

आरला हे "वय ३४ आहे, किंवा ४५" असं दिसतं, आणि शून्य नसलेली कोणतीही संख्या त्याच्या लेखी ट्रू. म्हणून आठच्या आठ ट्रू. पूर्ण वाक्य लिहावं लागतं: वय == ३४ | वय == ४५.

४० < वय < ६० हेही गणिताच्या वहीत चालतं, आरमध्ये नाही. इथे निदान चूक तरी दाखवली जाते. लिहायचं असं: वय > ४० & वय < ६०.

& आणि | एकाच ओळीत आले तर आर & आधी सोडवतं. हे लक्षात ठेवण्यापेक्षा गोल कंस घाला. कंसाला पैसे पडत नाहीत.

पायरी ५: अनेक किमतींपैकी कोणतीही चालेल तेव्हा

"अ" आणि "ब" गटातली माणसं हवीत. हे बघा आणि असं कधीही लिहू नका:

गट == सी("अ", "ब")

मोजून घ्या. आपल्या आठ जणांत "अ" किंवा "ब" गटातले सहा आहेत. या ओळीत ट्रू येतात फक्त चार. उजवीकडे दोनच किमती आहेत, डावीकडे आठ. आर उजवीकडची यादी पुन्हा पुन्हा वापरून आठपर्यंत ताणतं: अ, ब, अ, ब, अ, ब, अ, ब. मग पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी तुलना. पाचवा माणूस "ब" गटातला आहे, पण त्याच्या वाट्याला "अ" आला, म्हणून फॉल्स. लांबी पटीत बसत नसेल तर आर इशारा देतं. आठ ही दोनच्या पटीत बसते, म्हणून इथे तोही नाही.

हीच चूक करून मी एका अहवालातली जवळपास निम्मी माणसं गमावली होती आणि उरलेल्यांवर आलेखही काढले होते. आलेख सुंदर आले.

बरोबर ओळ:

गट %इन% सी("अ", "ब")

दोन टक्केचिन्हांच्या मधे रोमन आय आणि एन. प्रत्येकाला विचारलं जातं: तू या यादीत कुठेही आहेस का? सहा ट्रू येतात. शिवाय ही खूण एनए देत नाही, ट्रू किंवा फॉल्सच देते. उलटं हवं असेल तर उद्गारचिन्ह सगळ्यांच्या पुढे: !(गट %इन% सी("अ", "ब")). फक्त त्या उलट्या चाळणीत गट माहीत नसलेली माणसंही आत येतील, हे ध्यानात ठेवा.

पायरी ६: निवडायचं नाही, अटीनुसार नवी किंमत द्यायची

साठ किंवा पुढच्यांना "ज्येष्ठ", बाकीच्यांना "इतर":

इफएल्स(वय >= ६०, "ज्येष्ठ", "इतर")

अट, खरी ठरली तर काय, खोटी ठरली तर काय. इफएल्स हा एकच शब्द, मधे जागा नाही. एनए एनएच राहतात, आणि तेच योग्य.

नवखे बहुधा इथे नुसतं इफ वापरतात: इफ (वय >= ६०). इफ एकाच उत्तरावर चालतं, आपण त्याला आठ देतो. पूर्वी आर पहिलं उत्तर घेऊन, फक्त इशारा देऊन पुढे जायचं, आणि लोक तो इशारा वाचत नसत. ४.२.० पासून ही सरळ चूक धरली जाते. वर म्हटलेलं दुसरं कारण हेच. && आणि || या जोडखुणाही अशाच एकट्या उत्तरासाठी आहेत. त्यांना लांब यादी दिली तर २०२३ च्या ४.३.० पासून आर थांबतं. चाळणीसाठी नेहमी एकेरी खूण.

इफएल्सची एक खोड आहे. तारखा दिल्या तर ते तारीखपण काढून टाकतं आणि १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस हातात ठेवतं. २०२४ च्या पहिल्या जानेवारीच्या जागी १९७२३ दिसलं तर दचकू नका. डीप्लायर या पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे आरला वेगळा जोडायचा फंक्शनांचा संच) इफ_एल्स, मधे अधोरेषा असलेलं, तारखा जपतं.

गट दोनपेक्षा जास्त असतील तर इफएल्सच्या पोटात इफएल्स कोंबू नका, तीन थर झाले की तुम्हालाच वाचता येणार नाही. डीप्लायरमधलं केस_व्हेन वापरा. ते अटी वरून खाली वाचतं आणि पहिली खरी अट लागली की थांबतं, म्हणून कडक अट आधी लिहायची. "४० च्या वर" आधी आणि "६० च्या वर" नंतर लिहिलंत तर दुसऱ्या अटीपर्यंत कुणी पोचणारच नाही.

नुसते वयोगट पाडायचे असतील तर मूळ आरमधलं कट पुरे:

कट(वय, सी(०, १८, ४०, ६०, इन्फ))

इन्फ म्हणजे अनंत, त्याचं पहिलं अक्षर तेवढं मोठं. इथे ६० वर्षांचा माणूस ४० ते ६० च्या गटात पडतो, कारण कट वरची सीमा आत धरतं आणि खालची बाहेर. इफएल्समध्ये तोच माणूस ज्येष्ठ ठरला होता. एकाच अहवालात दोन्ही वापरलीत तर आकडे जुळणार नाहीत. कटमध्ये राइट = फॉल्स लिहिलं की सीमा उलट धरल्या जातात.

पायरी ७: आख्ख्या तक्त्यातून ओळी काढा

पट[पट$वय > ६०, ]

शेवटचा स्वल्पविराम विसरायचा नाही. त्याच्या आधी ओळींची अट, नंतर रकान्यांची. नंतरची जागा रिकामी म्हणजे सगळे रकाने. स्वल्पविराम गाळला की आर ती चाळणी रकान्यांवर चालवू पाहतं आणि असा रकानाच नाही म्हणून तक्रार करतं. माझ्या पहिल्या महिन्यातली सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच.

उत्तरात चार ओळी येतात. दोन खऱ्या, आणि दोन ओळी अशा की त्यांत वय, गट, वजन सगळंच एनए. तिसऱ्या माणसाचा गट आपल्याला माहीत होता, वजनही माहीत होतं, पण चाळणीत त्याच्यापुढे एनए आलं म्हणून आरने त्याची पूर्ण ओळ पुसून दिली. या भुतांच्या ओळी पुढे मोजणीत धरल्या जातात. टाळायच्या असतील तर व्हिच वापरा, किंवा:

सबसेट(पट, वय > ६०)

सबसेट एनए गाळतं आणि डॉलरची कटकटही वाचवतं. कन्सोलवर बसून काम करताना मी हेच वापरतो. स्वतःचं फंक्शन लिहिताना मात्र चौकोनी कंसच बरा, आरच्या मदतपानावरही तसाच सल्ला आहे.

डीप्लायरमधलं फिल्टर(पट, वय > ६०) हेही तेच काम करतं आणि एनए गाळतं. पण आधी पॅकेज लोड केलेलं हवं. नाहीतर आर स्वतःकडचं त्याच नावाचं दुसरं फंक्शन चालवतं. ते कालमालिकांसाठी आहे, आणि त्याच्या चुकीच्या संदेशावरून तुम्हाला काहीही उमगणार नाही.

एकच रकाना निवडलात तर हातात तक्ता राहत नाही, साधी यादी येते. तक्ताच हवा असेल तर कंसात शेवटी ड्रॉप = फॉल्स.

पायरी ८: अट बरोबर, तरी उत्तर चूक? किमतींचा प्रकार बघा

एसटीआर(पट) चालवा. वय हा रकाना संख्येचा आहे की मजकुराचा? फाइलमध्ये एका जागी जरी "माहीत नाही" असं लिहिलेलं असेल तरी पूर्ण रकाना मजकूर म्हणून वाचला जातो. मग वय > ६० लिहिल्यावर आर ६० लाही मजकूर करतं आणि शब्दकोशासारखी अक्षरवार तुलना करतं. "१००" हे "६०" पेक्षा लहान ठरतं, कारण १ हा ६ च्या आधी येतो. "७" मोठं ठरतं. इथेही चूक दाखवली जात नाही.

मराठीत भरलेल्या डेटात आणखी दोन अडचणी येतात. देवनागरी आकड्यांत भरलेली वयं आर संख्या मानत नाही. ती आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावी लागतात. आणि "दुसऱ्या" मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणाच्या कीबोर्डवरून नुक्तेवाल्या ऱ पासून, कुणाच्या साध्या र ला एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही एकसारखे, पण समानतेची खूण फॉल्स सांगते. मला हे शोधायला दोन दिवस लागले होते. टेबल(पट$गट) चालवून एकच नाव दोनदा दिसतंय का बघा. दिसलं तर हे कारण असेल, नाहीतर शब्दाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा. ती काढायला टी-आर-आय-एम-डब्ल्यू-एस या अक्षरांचं फंक्शन आहे.

दशांशांचं थोडक्यात. ०.१ + ०.२ == ०.३ याचं उत्तर फॉल्स येतं, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत अचूक साठवू शकत नाही. दशांश असतील तर समानता तपासू नका, फरक अगदी लहान आहे का ते तपासा: ॲब्स(क - ०.३) < ०.०००००१.

पायरी ९: हिशोब जुळवा

ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे ०, असं आर धरतं. त्यामुळे सम(वय > ६०, एनए.आरएम = ट्रू) लिहिलं की साठच्या वरचे किती ते कळतं, आणि समच्या जागी मीन लिहिलं की त्यांचं प्रमाण. प्रमाण काढताना भाजक कोणता हे विसरू नका. इथे तो सहा आहे, आठ नाही.

प्रत्येक निवडीआधी मी ही एक ओळ चालवतो:

टेबल(वय > ६०, यूज.एनए = "इफएनी")

शेवटचा भाग गाळला तर टेबल एनए दाखवतच नाही, आणि आपल्याला नेमके तेच बघायचे असतात. आपल्या नमुन्यावर उत्तर येतं: फॉल्स ४, ट्रू २, एनए २. बेरीज आठ. आता पट[व्हिच(पट$वय > ६०), ] चालवा आणि एनरो ने ओळी मोजा. दोन आल्या तर पुढे जा. चार आल्या तर व्हिच लिहायचं राहिलंय आणि पायरी ७ मधल्या भुतांच्या ओळी शिरल्या आहेत. तीन आल्या तर पटमधलं ९९९ काढायचं राहून गेलंय.